गाडी लावायची कोठे? नाशिकच्या वाहनतळांविषयी वाचकांचे प्रश्न

रस्त्यावरील वाहनतळ आणि त्यासाठी वापरले जाणारे नवे तंत्रज्ञान या विषयावर मागील अंकात प्रश्न मागवले होते. आलेली पत्रे प्रामुख्याने मेन रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर आणि पंचवटी या भागांतील आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून पुढे सहा प्रश्न घेतले आहेत. नावे छापू नयेत अशी काही वाचकांची विनंती असल्याने सर्वांचीच नावे वगळली आहेत.

प्रश्न : मेन रोडवर आमचे कापडाचे जुने दुकान आहे. गिऱ्हाईक दारापर्यंत येते, गाडी लावायला जागा दिसली नाही की तसेच पुढे निघून जाते आणि मॉलमध्ये खरेदी करते. रस्त्यात सेन्सर बसवले आणि मोकळी जागा मोबाईलवर दिसू लागली, तर आमच्या धंद्याला उपयोग होईल का? — एक व्यापारी, मेन रोड

उत्तर : केवळ सेन्सर बसवून होणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगितलेले बरे. ही जागा या घडीला भरलेली आहे की मोकळी, एवढेच सेन्सर सांगतो. जेथे सकाळी अकरापासून रात्री आठपर्यंत सगळ्या जागा भरलेल्याच असतात, तेथे मोबाईलच्या नकाशावर दिवसभर लाल ठिपके दिसतील आणि आज दारापर्यंत येऊन परत फिरणारे गिऱ्हाईक उद्या घरातून निघणारच नाही. त्यामुळे त्या जागा कोणाच्या गाड्यांनी आणि किती वेळ अडलेल्या असतात, हे आधी शोधले पाहिजे.

हे शोधण्यासाठी वही आणि पेन पुरते. आपल्या रस्त्याचा एक तुकडा ठरवून घ्यावा, दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत दर अर्ध्या तासाने एका मुलाला तेथून फेरी मारायला सांगावे आणि उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे ओळीने लिहून घ्यावेत. रात्री वही उघडली की कोणता क्रमांक एकदाच आला आणि कोणता प्रत्येक फेरीत आला, हे आपोआप दिसते. वाहतूक अभियंतेही सर्वेक्षणासाठी मुळात हीच पद्धत वापरतात. रविवार, सणासुदीचा दिवस आणि मधला एखादा साधा वार असे वेगवेगळे दिवस घेतल्यास चित्र अधिक खरे उमटेल.

केवळ हिशोबासाठी असे धरू की आपल्या तुकड्यात वीस दुचाकी मावतात आणि बाजार दहा तास चालतो. म्हणजे रोज दोनशे तासांची जागा उपलब्ध आहे. त्यांतील बारा जागांवर दुकानमालकांच्या आणि नोकरांच्या गाड्या सकाळपासून रात्रीपर्यंत उभ्या राहिल्या, तर गिऱ्हाइकांसाठी ऐंशी तास उरतात. एक गिऱ्हाईक सरासरी चाळीस मिनिटे थांबते असे मानले, तर या जागेत दिवसभरात एकशे वीस गाड्या येऊन जातील. सर्व वीस जागा गिऱ्हाइकांना मिळाल्या असत्या, तर तीनशे गाड्या आल्या असत्या. आपल्या रस्त्यावरचे आकडे वेगळे निघू शकतील. तरीही मेन रोड, शालिमार किंवा रविवार कारंजा परिसरात सकाळी शटर वर जाताना पाहिले, तर दुकानापुढे पहिली गाडी बहुधा दुकानातल्याच माणसाची लागते, आणि जेथे गाडी नसते तेथे स्टूल, पाण्याचा रिकामा जार किंवा दोरी बांधलेली काठी ठेवून जागा धरलेली असते. व्यापारी बांधवांना हे ऐकायला आवडणार नाही याची मला कल्पना आहे, परंतु गिऱ्हाइकाची जागा अडवणाऱ्यांत आपणही आहोत हे मान्य केल्याशिवाय कोणतेही यंत्र आपल्या मदतीला येणार नाही.

म्हणून क्रम असा असावा, की दुकानातील माणसांच्या गाड्यांसाठी चालत जाण्याजोग्या अंतरावर रस्त्याबाहेरचा वाहनतळ आणि त्याचा स्वस्त मासिक पास ठरवावा, रस्त्यावरील जागा थोड्या वेळासाठीच राखून ठेवावी आणि जितका वेळ गाडी थांबेल तितका तासाचा दर चढता ठेवावा. यंत्राचा खरा उपयोग येथपासून सुरू होतो. गाडी कधी लागली याची वेळ आपोआप नोंदवली गेली, की पावतीवाला आणि वाहनचालक यांच्यातील वाद संपतो, आणि ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त वेळ थांबलेली गाडी नेमकी कोणती हे कर्मचाऱ्याला शोधत फिरावे लागत नाही.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराने २०११ मध्ये 'एसएफपार्क' नावाने केलेला प्रयोग या संदर्भात समजून घेण्यासारखा आहे. त्यांनी रस्त्याच्या डांबरात हजारो सेन्सर बसवले आणि रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यावर ६० ते ८० टक्के जागा भरलेल्या असाव्यात असे उद्दिष्ट ठेवले. त्याहून जास्त जागा भरू लागल्या तर तासाचा दर २५ सेंटने वाढवायचा, फारच मोकळ्या राहू लागल्या तर घटवायचा, आणि हा बदल रोज न करता काही आठवड्यांच्या अंतराने, आधी जाहीर करून करायचा, अशी पद्धत होती. गर्दीच्या रस्त्यावर दर चढले, तर दोन गल्ल्या पलीकडे ते उतरले, आणि ज्यांना दिवसभर गाडी लावायची होती ते आपसूक स्वस्त जागेकडे वळू लागले. पुढे सेन्सरच्या बॅटऱ्या संपत आल्यावर २०१३ च्या अखेरीस ते बंद करण्यात आले. रस्त्याकडेच्या मीटरवर, म्हणजे पार्किंगचे पैसे भरण्याच्या यंत्रावर, भरल्या जाणाऱ्या पैशांच्या नोंदींवरून अंदाज बांधून दर ठरवण्याची पद्धत मात्र चालू राहिली. आपल्याकडे स्मार्ट पार्किंगची, म्हणजे यंत्रांच्या मदतीने चालवायच्या वाहनतळांची, चर्चा सेन्सरपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तेथेच थांबते, म्हणून हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो.

या विषयाचा आयुष्यभर अभ्यास करणारे कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक डोनाल्ड शूप यांचे म्हणणे असे होते, की सुमारे ८५ टक्के जागा भरलेल्या आणि प्रत्येक तुकड्यावर एक-दोन जागा मोकळ्या राहतील इतपतच दर असावा. मेन रोडवर दर ठरवताना हीच कसोटी लावावी. आपल्या गिऱ्हाइकाला समोर एक जागा मोकळी दिसत असेल, तर दर बरोबर आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. जागा मोकळी आहे हे अ‍ॅपला कळते तरी कसे? आणि माझ्यासारख्या साधा फोन वापरणाऱ्यांनी काय करायचे? — एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर : यासाठी तीन-चार प्रकारची साधने वापरली जातात. पहिला प्रकार जमिनीत बसवलेल्या चकतीसारख्या सेन्सरचा आहे. पृथ्वीला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आहे आणि मोटारीसारखी लोखंडाची मोठी वस्तू वर येऊन उभी राहिली की तेथील क्षेत्रात किंचित बदल होतो. तो बदल ओळखून चकती बिनतारी संदेश पाठवते. दुसरा प्रकार मॉलच्या तळघरात आपण पाहिला असेल. तेथे प्रत्येक जागेवर छताला एक डबी असते, ती कानाला न ऐकू येणारा ध्वनी खाली सोडते, तो फरशीवरून परत येतो की गाडीच्या टपावरून हे परत येण्यास लागलेल्या वेळेवरून ओळखते आणि त्यानुसार हिरवा किंवा लाल दिवा लावते. तिसरा प्रकार कॅमेऱ्याचा असून तो चित्रावरून जागा ओळखतो आणि गाडीचा क्रमांकही वाचतो. चौथा आणि सर्वांत साधा प्रकार म्हणजे वाहनतळाच्या दारात आत गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या गाड्या मोजणे.

नाशिकसाठी यांतील कोणता योग्य, याचे उत्तर दुचाकी देतात. मोटारीची एक जागा अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब धरतात, तर दुचाकीला एक मीटर बाय दोन मीटर जागा लागते; म्हणजे मोटारीच्या एका चौकटीत पाच दुचाकी सहज बसतात. त्या चौकटीत मधोमध एक चकती बसवली आणि कडेला एकच स्कूटर लागली, तर चकतीला ती कळेलच असे नाही, आणि कळली तरी उरलेल्या चार जागा मोकळ्या आहेत हे तिला सांगता येणार नाही. ज्या शहरांत प्रामुख्याने मोटारी धावतात, तेथे तयार झालेले साधन जसेच्या तसे उचलून आपल्या रस्त्यात पुरणे मला योग्य वाटत नाही. त्यात दर पावसाळ्यानंतर होणारे खड्डे आणि जलवाहिनीसाठी, केबलसाठी वारंवार होणारी खोदाई ही भर आहेच. रस्त्याबाहेरच्या वाहनतळांवर दारातील मोजणी आणि कॅमेरा, तर रस्त्यावर हातातील यंत्र घेतलेला प्रशिक्षित कर्मचारी, ही जोडी आपल्याकडे अधिक टिकेल.

आपल्या दुसऱ्या शंकेकडे योजना आखणारे फारसे लक्ष देत नाहीत. अ‍ॅप असलेल्यालाच गाडी लावता येईल अशी व्यवस्था सार्वजनिक रस्त्यावर असता कामा नये. कर्मचाऱ्याकडे रोख पैसे देण्याची सोय, छापील पावती आणि किती जागा शिल्लक आहेत हे दाखवणारा मोठ्या अक्षरांतील मराठी फलक वाहनतळाच्या आधीच्या चौकात लावलेला असावा. कॅनडा कॉर्नरलाच पुढे जागा नाही हे कळले, तर गाडी चालवता चालवता फोनमध्ये पाहण्याची गरज कोणालाच पडणार नाही.

प्रश्न : गाडी घेताना आम्ही रोड टॅक्स भरलेला आहे. मग रस्त्यावर गाडी उभी करण्याचे वेगळे पैसे कशासाठी? — एक वाचक, सातपूर

उत्तर : मोटार वाहन कर राज्य सरकार घेते आणि तो वाहन वापरण्यावरचा कर आहे, रस्त्याकडेची जागा मात्र शहराची, म्हणजे वाहन नसलेल्यांचीही आहे. एका मोटारीला लागणाऱ्या साडेबारा चौरस मीटर जागेत एखाद्या कुटुंबाची खोली होते. तेवढी जागा शहराच्या मध्यावर दिवसभर फुकट मिळावी, असा हक्क करभरणीतून निर्माण होत नाही. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातही पार्किंगचा दर त्या जमिनीच्या मोलाशी सुसंगत असावा असे म्हटले आहे. ही कल्पना नवीनही नाही. जगातील पहिला पार्किंग मीटर अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे जुलै १९३५ मध्ये बसवला गेला, कारण बाजारात काम करणाऱ्यांच्याच गाड्या दिवसभर उभ्या राहून गिऱ्हाइकांना जागा उरत नव्हती.

आपल्या नाराजीमागे आणखी एक कारण असावे आणि ते मला पूर्ण मान्य आहे. घेतलेले पैसे कोठे जातात हे कोणाला कळत नाही, पावतीवर छापलेला दर आणि मागितलेला दर वेगळा असतो, आणि विचारले तर उद्धट उत्तर मिळते. प्रत्येक व्यवहाराची नोंद यूपीआयने किंवा यंत्राने झाली आणि रस्त्यानिहाय जमा रक्कम दरमहा जाहीर झाली, तर निम्मा विरोध मावळेल. त्या रकमेतून त्याच रस्त्याचे पदपथ आणि दिवे दुरुस्त झालेले दिसले, तर उरलेलाही बराच कमी होईल.

प्रश्न : आमच्या सोसायटीत सदनिका जास्त आणि पार्किंगच्या जागा कमी आहेत. काही सभासद म्हणतात, आम्ही बिल्डरकडून पार्किंग विकत घेतले आहे. प्रवेशद्वारावर फास्टॅगने उघडणारे फाटक बसवल्यास भांडणे थांबतील का? — सोसायटीचे सचिव, इंदिरानगर

उत्तर : फाटकामुळे बाहेरच्या गाड्या थांबतील, आतली भांडणे थांबणार नाहीत. फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. फाटकावरील वाचक-यंत्राच्या लहरींवरच तो जागा होतो आणि आपला क्रमांक कळवतो. तो क्रमांक सोसायटीच्या यादीत असेल तर फाटक उघडते, खात्यातून पैसे कापले जाण्याचा संबंध नसतो. रखवालदाराचे श्रम वाचतात आणि नोंद राहते, हा त्याचा लाभ. कोणत्या सभासदाची गाडी कोठे, हे मात्र सर्वसाधारण सभेनेच ठरवायचे आहे.

त्यासाठी कायद्याची बाजू लक्षात घ्यावी. पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे, की इमारतीखालील खुले स्टिल्ट पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. ती जागा संस्थेच्या सामाईक मालमत्तेचा भाग आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार जागा कमी आणि मागणी जास्त असेल, तेव्हा चिठ्ठ्या टाकून ठरावीक मुदतीसाठी वाटप करता येते. ज्यांनी बिल्डरला पैसे दिलेले आहेत त्यांचा संताप समजण्यासारखा आहे, परंतु त्याचा भार इतर सभासदांवर टाकता येणार नाही. आधी ठराव करावा, मग फाटकाची निविदा काढावी. वर्षाने यादी बदलली की संगणकातील यादीही त्याच दिवशी बदलण्याची जबाबदारी एका माणसावर लिखित स्वरूपात सोपवावी, नाहीतर घर विकून गेलेल्या सभासदाच्या गाडीलाही फाटक उघडत राहते.

प्रश्न : कॅमेरे आमच्या गाडीचा क्रमांक टिपून ठेवतील. आम्ही कोठे, कधी गेलो हे कोणालाही कळेल, याची भीती वाटते. — एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : भीती रास्त आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून, सांगितलेल्या कामापुरतीच माहिती घ्यावी आणि काम संपल्यावर ती पुसावी हे त्याचे तत्त्व आहे. गाडी बाहेर पडली, पैसे भरले गेले आणि तक्रारीची मुदत संपली, की तिचा क्रमांक ठेवण्याचे कारण उरत नाही. दर ठरवण्यासाठी फक्त किती गाड्या किती वेळ थांबल्या एवढाच आकडा लागतो. ठेकेदाराशी होणाऱ्या करारातच ही मुदत दिवसांत लिहिलेली असावी आणि माहिती विकण्यास मनाई असावी, असा आग्रह नागरिकांनी धरावा. आजही अनेक दारांवर वाहनक्रमांक आणि मोबाईल नंबर लिहायची वही उघडी पडलेली असते आणि मागून येणारा कोणीही ती वाचू शकतो, याकडेही लक्ष वेधावेसे वाटते.

प्रश्न : पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की गोदाघाटावर उभ्या असलेल्या गाड्यांची धावपळ उडते. बाहेरगावच्या भाविकांना तर काहीच कल्पना नसते. स्मार्ट पार्किंगचा येथे काही उपयोग आहे का? शिवाय पुढच्या सिंहस्थात काय करता येईल? — एक वाचक, पंचवटी

उत्तर : सर्व पत्रांत मला हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटला, कारण येथे यंत्राने खरोखर नुकसान टळू शकते. गौरी पटांगण, म्हसोबा पटांगण आणि आसपासच्या मोकळ्या जागेत मोटारी लावणे सोयीचे असते, कारण रामकुंड तेथून जवळ आहे. विसर्ग वाढवण्यापूर्वी प्रशासन सूचना देते, ध्वनिक्षेपकावरून पुकारा होतो, आणि नाशिककर गोदाघाटावरील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कोठपर्यंत लागले यावरून पुराचा अंदाज घेतात. परंतु सुरत किंवा मुंबईहून आलेले कुटुंब दर्शनासाठी काळाराम मंदिराकडे गेलेले असते, नाहीतर धर्मशाळेत झोपलेले असते. त्यांच्यापर्यंत पुकारा पोचत नाही आणि पोचला तरी दुतोंड्या मारुती म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नसते.

गाडी आत घेतानाच क्रमांक आणि चालकाचा मोबाईल नंबर यंत्रात नोंदवला गेला, तर धरणातून पाणी सुटण्याची वेळ ठरताच आत असलेल्या सर्वांना मराठी, हिंदी आणि गुजरातीतून एकाच वेळी संदेश पाठवता येतो, आणि ज्या गाड्या तरीही हलल्या नाहीत त्यांची यादी हातात घेऊन कर्मचाऱ्यांना थेट फोन करता येतात. विसर्गाची ठरावीक पातळी ओलांडली की प्रवेशाचे फाटक नव्या गाड्यांसाठी आपोआप बंद व्हावे आणि बाहेर पडण्याचे मात्र उघडेच राहावे. पुलाच्या कठड्याला बसवलेला पाणीपातळी मोजणारा सेन्सर या व्यवस्थेला जोडता येतो. एक खबरदारी अत्यावश्यक आहे: वीजजोडणी, बॅटऱ्या आणि नोंदणीची केबिन पूररेषेच्या वर असली पाहिजे, कारण पहिल्या पाण्यातच बंद पडणारी यंत्रणा नसलेलीच बरी. बुधवारच्या आठवडे बाजाराला येणाऱ्या विक्रेत्यांच्या टेम्पोंनाही याच नोंदणीत घ्यावे. त्यांचा मालही तेथेच असतो.

सिंहस्थाच्या वेळी भाविकांची वाहने शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवून तेथून एसटीच्या बसने पुढे नेण्याची पद्धत २०१५ मध्ये होती, आणि २०२७ मध्येही तिला पर्याय दिसत नाही. तेथे एकेक जागा मोजणाऱ्या सेन्सरवर खर्च करू नये. शेतात आखलेल्या तात्पुरत्या मैदानावर दारातील मोजणी पुरते. मुंबई, पुणे, धुळे, पेठ आणि दिंडोरीकडून येणाऱ्या रस्त्यांवर बऱ्याच आधी फलक लावून, भरत आलेल्या वाहनतळाऐवजी मोकळ्या वाहनतळाकडे गाड्या वळवता येतात. ही मोजणीची यंत्रे आणि फलक हलवता येण्याजोगेच विकत घ्यावेत आणि पर्वकाळ संपल्यावर ते शालिमार, कॉलेज रोड आणि नाशिक रोड येथील कायमच्या वाहनतळांवर बसवावेत, अशी अट खरेदीच्या निविदेतच असावी.